जामीनकीची दप्तरे आणि ‘हार्मोनियम’

माझी एक भाची नोकरीनिमित्त अमेरिकेत कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड या गावी असते. मागच्या दिवाळीस ती बडोद्याला आली, तेव्हा माझ्यासाठी म्हणून एक पुस्तक घेऊन आली. “मामा, तुमच्या पेटीवरचं पुस्तक मिळालं,” असे म्हणत तिने ते माझ्या हाती ठेवले. वेष्टनावर नाव खरोखरच ‘हार्मोनियम’ असे होते. मी मोठ्या आशेने पाने चाळू लागलो. पट्ट्या नाहीत, सुरांची जुळणी नाही, भात्याची आकृती नाही, सगळ्या कविता! भाची ओशाळली. मी म्हटले, “असू दे गं. वाद्याचे नाव धारण करणाऱ्याची चौकशी करणे हे आमचे कामच आहे.”

चौकशी केली ती फुकट गेली नाही. या पुस्तकाचे कर्ते वॉलेस स्टीव्हन्स हे पेशाने वकील होते, आणि वकील म्हणजे काळा झगा घालून न्यायाधीशापुढे हातवारे करणारे नव्हेत. एका विमा कंपनीच्या कचेरीत बसून जामीनकीचे तंटे सोडविणे हा त्यांचा जन्माचा उद्योग. १९०८ साली ते या धंद्यात शिरले आणि १९५५ साली मरण येईपर्यंत त्यातून बाहेर पडले नाहीत. त्यांच्या कवितेवर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे, आणि ती कविता मला सारी समजली असा माझा दावा नाही. त्यांच्या धंद्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. आज ते बोलावे असे वाटते. त्याला एक घरचे कारण आहे, ते ओघात येईल.

स्टीव्हन्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७९ चा, पेनसिल्व्हानियातील रेडिंग या गावचा. वडील वकील. मुलाला लेखनाचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या नादावर पोट भरणार नाही हेही ठाऊक होते. हार्वर्ड विद्यापीठात तीन वर्षे काढून, पदवी न घेताच, चिरंजीव १९०० साली न्यूयॉर्कला वर्तमानपत्रात बातमीदारी करू लागले. ती अंगी लागेना. शेवटी वडिलांचा सल्ला मानून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०४ साली सनद मिळविली. हार्वर्डच्या एका सोबत्याबरोबर भागीदारीत थाटलेली वकिली लवकरच मोडली. मग एका पेढीतून दुसऱ्या पेढीत, असे तीनचार वर्षे चालले. आपल्याकडे एखादा बरा गवई गुरू बदलीत हिंडतो आणि त्याचा आवाज कुठेच लागत नाही, तशातला प्रकार. १९०८ च्या आरंभी बाल्टिमोरच्या एका जामीन कंपनीने त्यांना आपल्या न्यूयॉर्कच्या कचेरीत घेतले आणि तेथे त्यांचा षड्ज लागला.

आता ही ‘जामीन कंपनी’ काय भानगड आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आगीचा किंवा आयुष्याचा विमा आपल्याला कळतो. हजार माणसे थोडेथोडे पैसे भरतात, त्यांतल्या दोघाचौघांचे घर जळते, त्यांची भरपाई त्या साठ्यातून होते. तेथे दोन पक्ष. जामीनकीत तीन असतात. समजा, नगरपालिकेला शाळा बांधायची आहे. मक्तेदार म्हणतो, मी अमुक रकमेत, अमुक मुदतीत बांधून देतो. नगरपालिका म्हणते, आणि नाही दिलीस तर? तेव्हा कंपनी पुढे येते आणि लिहून देते, की याने काम पुरे केले नाही तर आम्ही करू, किंवा नेमलेल्या रकमेपर्यंत नुकसान भरून देऊ. त्याबद्दल मक्तेदाराकडून ती शुल्क घेते. पण विम्यात आणि यात मोठा भेद हा, की विमेवाला नुकसान होणारच हे धरून चालतो, तर जामीनदार ते होऊ नये म्हणून माणूस पारखून घेतो. आणि झालेच तर भरलेला पैसा मूळ माणसाकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवतो. दुसरा प्रकार इमानाच्या जामीनकीचा. बँकेचा खजिनदार, संस्थेचा कोठावळा यांनी अपहार केला तर मालकाचे नुकसान कंपनी भरते. इमानाचाही विमा उतरता येतो, हे वाचून आमचे एक वयोवृद्ध स्नेही बराच वेळ हसत होते.

आपल्या लोकांना यात नवे काही वाटू नये. जामीनकतबा, हाजीरजामीन, मालजामीन हे शब्द जुन्या दप्तरांतून पानोपानी येतात. आमच्या गायकवाडीत तर याची स्वतंत्र संस्थाच होती. तिला बहांधरी म्हणत. सावकाराने सरकारला कर्ज द्यायचे ते अरब जमादाराने हमी घेतली तरच. एखाद्या असामीने जीव मुठीत धरून दरबारी यायचे तेही अशाच हमीवर. १८०२ नंतर अरबांची जागा इंग्रजांनी घेतली. गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ साली पेशव्यांकडे हिशेबाचा तंटा मिटवायला पुण्यास गेले ते इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतल्यावर, आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. एल्फिन्स्टनने त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात मागितले, त्यामागे राजकारण पुष्कळ होते. परंतु कागदावरचा त्याचा आधार, आम्ही जामीन होतो, हाच होता. ज्याची जामीनकी बुडते त्याची पतही बुडते, हे कंपनी सरकारला चांगले कळत होते.

अमेरिकेत ही गोष्ट कायद्यानेच सक्तीची झाली. संघसरकारच्या बांधकामांना जामीन हवा, असा कायदा १८९४ चा. त्याच्या जागी १९३५ साली दुसरा, अधिक काटेकोर कायदा आला. पोस्टाची कचेरी, धक्का, पूल, जे काय बांधायचे त्याच्यामागे एक जामीन कंपनी उभी. मंदीच्या वर्षांत मक्तेदारांची दिवाळी निघू लागली, तेव्हा या कंपन्यांच्या वकिलांना श्वास घ्यायला फुरसत राहिली नसेल.

अशा वेळी तंटा कसा उभा राहतो पाहा. शाळा अर्धी बांधून मक्तेदार बसला. विटावाल्याचे देणे आहे, गवंड्यांची मजुरी थकली आहे, बँकेने त्याला कर्ज दिले आहे, आणि नगरपालिकेने प्रत्येक बिलातून शेकडा दहाप्रमाणे कापून ठेवलेली रक्कम तिच्याजवळ पडून आहे. ही रक्कम कोणाची? बँक म्हणते, मी पैसे दिले म्हणून एवढे तरी काम उभे राहिले. जामीनदार म्हणतो, उरलेले काम मी पुरे करतो आहे. टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथील जकातघराच्या बांधकामावरून नेमका हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९६ साली न्यायालयाने जामीनदाराच्या बाजूने निकाल दिला: त्याचा हक्क तो पैसे भरतो त्या दिवसापासूनचा नव्हे, तर ज्या दिवशी त्याने जामीनकीवर सही केली त्या दिवसापासूनचा, म्हणून बँकेच्या आधीचा. १९०८ साली, म्हणजे स्टीव्हन्स धंद्यात आले त्याच वर्षी, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ते तत्त्व पक्के केले. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्यांनी जे दावे हाताळले, त्यांतील कितीतरी या पायावर उभे असणार.

निकाल वाचणे हा मात्र कामाचा थोडका भाग. दाव्याचे बाड आले की वकिलाला ठरवावे लागते: मक्तेदाराला आणखी पैसा पुरवून त्याच्याकडूनच काम उरकून घ्यावे, की आपण ताबा घेऊन दुसरा माणूस नेमावा, की रक्कम भरून मोकळे व्हावे, की आम्ही काहीच लागत नाही म्हणून लढावे. उशीर झाला तर भिंती पावसात भिजतात आणि खर्च वाढतो. घाई केली तर जे देणे लागत नव्हते तेही जाते. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसांच्या आठवणी पीटर ब्रॅझो नावाच्या अभ्यासकाने परिश्रमाने गोळा करून १९८३ साली छापल्या. त्यावरून दिसते, की या विद्येत त्यांचा दबदबा होता. देशभरच्या जामीन कंपन्यांत त्यांचे नाव मानाने घेतले जाई. कागद बारकाईने वाचायचे, निर्णय स्वतः घ्यायचा, पत्र थोडक्यात लिहायचे. हाताखालच्यांना कोरडे वाटत. कंपनीकडून खरोखर देणे असेल तर देऊन टाकावे, विनाकारण छळू नये, असा त्यांचा रिवाज होता.

१९३८ साली एका विमाविषयक पत्रात त्यांनी आपल्या धंद्यावर छोटासा लेख लिहिला. त्यात ते कबूल करतात, की या कामात माणसे फार थोडी दिसतात, दिसतात ते कागद. आणि पंचवीस वर्षे असे घालविल्यावर आपण कोठे संपतो आणि कागद कोठे सुरू होतो, हे माणसाला सांगता येईनासे होते. धंद्यातल्या मंडळींनी तो लेख थट्टेचा म्हणून वाचला असेल. मी तो तसा वाचू शकत नाही. तीस वर्षे ‘भूप’ शिकविणाऱ्या मास्तरालाही पुष्कळदा वाटते, की आता मी शिकवतो आहे की भूपच मला हाकतो आहे.

नोकरीतही त्यांना स्वास्थ्य सहज लाभले नव्हते. बाल्टिमोरची कंपनी १९१३ साली दुसरीने गिळली. १९१४ साली सेंट लुईच्या कंपनीत न्यूयॉर्कचे उपाध्यक्षपद मिळाले, तर दोन वर्षांत ती जागाच नाहीशी झाली. १९१६ साली एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने हार्टफर्ड ॲक्सिडेंट अँड इंडेम्निटी कंपनीत प्रवेश झाला आणि बिऱ्हाड हार्टफर्डला आले. आरंभीची वर्षे प्रवासात गेली. दाव्यांच्या चौकशीसाठी जॉर्जिया, फ्लॉरिडा, टेक्सस, मिनेसोटा, अशी आगगाडीची सततची फिरती. १९३४ साली ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले.

आणि कविता? ती याच आगगाड्यांत आणि रस्त्यांवर झाली. स्टीव्हन्स मोटार चालवीत नसत. राहत्या घरापासून कचेरी सुमारे दोन मैल. ते अंतर ते रोज पायी जात आणि चालता चालता ओळी जुळवीत. खिशात चिठ्ठ्या असत. कचेरीत आल्यावर त्या चिठ्ठ्या टंकलेखिकेकडे जात, जामीनकीच्या पत्रांबरोबरच. एक शेजारी सांगतात, की ते चालता चालता मध्येच थबकत, एक पाऊल मागे येत, आणि मग पुन्हा पुढे जात. बहुधा ओळीतला एखादा शब्द खोडला असावा! मला हे वाचून आमच्या नानांची आठवण झाली. नाना म्हणजे माझे वडील. तेही रावपुऱ्यातून चालताना असेच थांबत. तिहाई चुकली की मागे येऊन सम गाठल्याशिवाय कोपरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा नेम होता. मागून येणारे सायकलवाले काय म्हणत ते लिहिण्यासारखे नाही.

भाची सांगते, की त्या रस्त्यावर आता कंपनीच्या इमारतीपासून त्यांच्या घरापर्यंत ग्रॅनाइटचे तेरा दगड बसविले आहेत आणि प्रत्येकावर त्यांच्या एका कवितेचा एकेक तुकडा कोरला आहे. थंडीत ते बर्फाखाली जातात.

‘हार्मोनियम’ १९२३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा कवीला चव्वेचाळिसावे वर्ष सरत आले होते. प्रती दीड हजार, त्याही खपल्या नाहीत. १९२४ च्या पहिल्या सहामाहीचे मानधन आले सहा डॉलर सत्तर सेंट. त्याच वर्षी मुलगी झाली. त्यानंतर पाचसहा वर्षे त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. टीकाकार याची नाना कारणे देतात. मला वाटते, घरात लहान मूल, कचेरीत वाढते काम आणि हातात सहा डॉलर सत्तर सेंट, एवढे कारण पुरे आहे. मात्र नोकरी होती म्हणून कवितेला कोणापुढे पदर पसरावा लागला नाही, आणि पुढे १९३५ सालापासून ती पुन्हा वाहू लागली तेव्हाही तिला कोणाची मर्जी राखावी लागली नाही. १९५१ आणि १९५५ साली राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक, १९५५ सालीच पुलित्झर. समग्र कविता निघाल्या १९५४ साली, पंचाहत्तरीच्या निमित्ताने. त्या पुस्तकालाही ‘संपूर्ण हार्मोनियम’ अशा अर्थाचे नाव द्यावे असे त्यांच्या मनात होते. म्हणजे पहिल्या पुस्तकाचे नाव सहज पडलेले नव्हते. साऱ्या आयुष्याच्या कवितेला ते एकच वाद्य समजत होते.

हे नाव मला का आवडते ते सांगतो. हार्मोनियम म्हणजे दरबारी वाद्य नव्हे. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास जन्मलेली ही पेटी मोठ्या ऑर्गनची गरीब बहीण. घराघरांत, छोट्या प्रार्थनामंदिरांत राहणारी. आपल्याकडे ती आली, भजनात बसली, नाटकात बसली, आणि १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर उभे केले. श्रुती लागत नाहीत, मींड येत नाही, ही तिची कुळकथा. १९७१ साली दार किलकिले झाले. मधली तीस वर्षे पेटीवाल्यांनी कशी काढली ते आमच्या घराला विचारावे.

नाना पेटी वाजवीत. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्याआधीची शेवटची पाचसहा वर्षे ते दरबारच्या कलावंत खात्यात साथीला होते. त्या वेळी त्यांची विशीही सरली नव्हती. त्या वयात फैयाजखाँसाहेबांचे गाणे चार हातांवरून ऐकायला मिळाले, याची पुंजी त्यांना जन्मभर पुरली. पगाराची मात्र पुरली नाही. पुढे शिकवण्या. मी त्यांना उतारवयात झालेला. १९८८ साली त्यांचे एक मित्र, तबला-पखवाजाची शाई भरणारे उत्तम कारागीर, यांनी दुकानासाठी एका पतपेढीतून कर्ज काढले. जामीन म्हणून नानांनी सही केली. मित्राचे दुकान चालले नाही, मित्रही पुढे फार दिवस राहिले नाहीत. पतपेढीने नानांना नोटीस दिली. नानांनी हू की चू केले नाही. “मी जामीन आहे,” एवढेच म्हणाले, आणि घरातली पॅरिस सुरांची पेटी विकली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून चार वर्षे हप्ते भरले. मी तेव्हा शाळेत होतो. जेथे पेटी असे तेथे भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता, त्याला रंग द्यायला आईने कोणालाही सांगितले नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता नवी. माझ्याकडे एक विद्यार्थी बारा वर्षे पेटी शिकतो. हात अत्यंत गोड. त्याने कायद्याची पदवी घेतली. २०२२ सालच्या एप्रिलपासून आपल्याकडे विमा नियामकांनी जामीनकीच्या विम्याला वाट करून दिली आहे. रस्ते आणि पूल यांचे मक्तेदार आता बँकेच्या हमीऐवजी तो वापरू शकतात. तेव्हा या कामाला वकील हवेत. अहमदाबादच्या एका कंपनीने याला बोलावले. त्याची आई माझ्याकडे आली. “मास्तर, तुम्हीच सांगा. नोकरी घेतली तर पेटी सुटेल, पेटी धरली तर घर कसं चालेल?” मला उत्तर सुचेना. नानांच्या मुलाने काय सांगावे? मी वेळ मागून घेतला आणि त्याच आठवड्यात भाचीने ते पुस्तक आणले.

मुलाला मी स्टीव्हन्सची हकीकत सांगितली. कवितेचे त्याला फारसे काही वाटले नाही. जामीनकीचे सारे त्याने कान देऊन ऐकले आणि विचारले, “सर, नानांचे कागद आहेत का?” ट्रंकेत होते. जामीनखत, पतपेढीची पत्रे, पावत्या, सगळे नानांनी नोटेशनच्या वहीइतके व्यवस्थित ठेवलेले. तो ते घेऊन गेला. चार दिवसांनी आला तो जरा घाबरल्यासारखा. पतपेढीने १९९० साली मित्राला हप्त्यांची मुदत वाढवून दिली होती आणि व्याजाचा दरही वाढविला होता. नानांना विचारले नव्हते. तसे करण्याला जामिनाची आगाऊ संमती आहे, असे कलम जामीनखतात कुठेच नव्हते. १८७२ च्या आपल्या करार कायद्यात जामीनकीचे प्रकरण आहे. त्याचे १३३ वे कलम म्हणते, धनको आणि ऋणको यांनी जामिनाच्या संमतीवाचून अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारापुरता जामीन मुक्त होतो. १३५ वे म्हणते, संमतीवाचून ऋणकोला मुदत देण्याचा करार केला तरी तो मुक्त होतो. “सर,” तो म्हणाला, “कोणी वकिलाने हे एकदा वाचलं असतं, तर बहुतेक नाना सुटले असते.”

मी त्याला म्हटले, नाना सुटायला तयार झाले नसते. दिलेला शब्द, मेलेला मित्र, हे त्यांच्या हिशेबात कलमांच्या वरचे. ते खरेही आहे. पण रात्री मला झोप लागली नाही. सूरसागराच्या काठी आमची गायनशाळा, १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली. त्याच तळ्याकाठी न्यायमंदिराची ती भव्य वास्तू, जेथे २०१८ पर्यंत न्यायालये भरत. नाना आयुष्यभर एकीकडून दुसरीवरून चालत गेले. शंभर पावलांवर बसलेल्या शेकडो वकिलांपैकी एकालाही कागद दाखवावा असे त्यांना वाटले नाही, आणि त्यांतल्या एकालाही बहुधा हे प्रकरण वीस मिनिटे वाचण्याइतके मोलाचे वाटले नसते. हार्टफर्डच्या त्या गृहस्थांसारखा माणूस, जो कागद बारीक वाचतो आणि लागत नसेल ते देणे लागत नाही असे सांगतो, तो गरिबाच्या बाजूला क्वचित बसलेला असतो. तो कंपनीच्या बाजूला बसतो, कारण पगार तेथे आहे.

स्टीव्हन्स यांची आरती ओवाळायची नाही. घरात पतिपत्नींचा संवाद फारसा उरला नव्हता. पत्नीला आपल्यासाठी लिहिलेल्या कविता जगापुढे आलेल्या आवडल्या नाहीत. काळ्या लोकांविषयी त्यांच्या तोंडी आणि लेखणीत जी भाषा येते ती वाचवत नाही. १९३६ साली फ्लॉरिडाच्या की वेस्ट बेटावर हेमिंग्वेसारख्या मुष्टियोद्ध्याशी, आपले वय छप्पन्न असताना, ते हातघाईवर आले आणि हाताचे हाड मोडून घेतले. कचेरीत मात्र जिन्यावरून पडलो म्हणून सांगितले, अशी कथा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे दावे हुडकणाऱ्याने स्वतः केलेला हा एक दावा कोणी तपासला नाही म्हणायचा!

त्याच बेटाच्या निमित्ताने त्यांनी दोन वर्षे आधी लिहिलेली एक कविता माझ्या मनात घर करून आहे. समुद्रकाठी एक बाई गाते. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की हे समुद्राचे गाणे की तिचे? समुद्र नुसता गर्जतो; सूर तिचा आहे. ती गाऊन गेल्यावर बंदरातले दिवेसुद्धा रात्रीला मापात बसवताना दिसतात. रागाची बढत याहून वेगळी नसते. दाव्यांच्या बाडात मान घालून बसलेल्या माणसाला हे कळले कसे, असे आधी वाटले. आता वाटते, दुसऱ्याच्या मोडलेल्या शब्दांतून काय अजून उभे राहू शकते हे रोज पाहणाऱ्याला ते कळले तर नवल नाही. कनेक्टिकटचेच चार्ल्स आइव्ह्ज, बँडमास्तरांचे चिरंजीव, न्यूयॉर्कमध्ये आयुर्विम्याची मोठी पेढी चालवीत आणि रात्री असे संगीत रचीत की ते वाजवायला माणसे मिळत नसत. त्यांना १९४७ साली पुलित्झर मिळाले. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

आपल्याकडे राजकवी चंद्रशेखर, राजकवी यशवंत यांना या गादीने पोसले. ती गादी गेली. अरविंदबाबूंनीही या राज्याच्या मोजणी-जमाबंदी खात्यात नोकरीचा आरंभ केला होता, हे आता किती जणांना आठवते कोण जाणे. स्टीव्हन्स यांना १९५४ साली हार्वर्डने सन्मानाचे व्याख्यानपद देऊ केले. एक वर्ष कचेरीबाहेर राहावे लागले असते. पंचाहत्तरीच्या माणसाला ते परत घेतील का, ही शंका. त्यांनी नकार कळविला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. २ ऑगस्ट १९५५ रोजी ते वारले, तेव्हाही कंपनीच्या पटावर त्यांचे नाव होते.

माझ्या विद्यार्थ्याने अहमदाबादची नोकरी धरली. सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी येतो. त्याला इकडे सगळे ‘अपडाउन’ म्हणतात. गाडीत उभ्याने मांडीवर विलंबित एकतालाचे ठेके मोजतो, आणि शेजारचे उतारू सरकून बसतात. पहिल्या पगारातून त्याने माझ्यासाठी काही आणू नये असे मी बजावले होते. आणले नाही. मात्र महिन्यातून एका रविवारी सकाळी तो आमच्या ओट्यावर बसतो आणि गल्लीतल्या कोणाचे जामीनखत, कोणाची पतपेढीची नोटीस असेल ती वाचून देतो. गेल्या रविवारी चौघे आले होते. त्याची पेटीची शिकवणी मी संध्याकाळी सहाऐवजी साडेआठला ठेवली आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंची त्याला हरकत आहे. त्यांच्याशी बोलायचे राहिले आहे.